पत्ता बदलला, अनुक्रमांक तोच

मंडळी, तुमच्या खिशातला फोन आत्ता कुठल्याही वाय-फायला जोडलेला नसला, तरी तो गप्प बसलेला नाही. अधूनमधून तो हवेत एक छोटी फ्रेम, म्हणजे माहितीचं छोटंसं पाकीट, सोडतो. तिला प्रोब रिक्वेस्ट म्हणतात. आसपास कोणी राउटर आहे का, एवढंच तो विचारतो. खरं तर राउटर स्वतःहून सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ अशी हाक, पाठवतच असतो. फोनने नुसतं ऐकत बसायचं ठरवलं तरी चाललं असतं. पण एकेका चॅनेलवर थांबून ऐकण्यात वेळ जातो. त्यापेक्षा विचारून मोकळं झालेलं बरं.

या प्रश्नावर विचारणाऱ्याचा पत्ता असतो, मॅक अ‍ॅड्रेस. 48 बिटांचा. मूळ पत्त्यातले पहिले 24 बिट सहसा आयईईई ही संस्था उत्पादकाला नेमून देते, उरलेले उत्पादक भरतो. कारखान्यात एकदा बसला की यंत्राच्या अखेरपर्यंत तोच. आणि तो उघडा असतो. ऐकायला पासवर्ड लागत नाही, मॉनिटर मोड (हवेतलं सगळं नुसतं ऐकण्याची सोय) चालणारं साधं वाय-फाय कार्ड पुरतं.

2013 साली लंडनच्या सिटी भागात जाहिरातींचे पडदे लावलेल्या काही कचरापेट्या हेच करत होत्या. समोरून जाणाऱ्यांच्या फोनचे पत्ते टिपत होत्या. बोभाटा झाल्यावर ऑगस्टमध्ये सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने ते थांबवायला लावलं. अशा वेळी ‘आम्ही नाव कुठे घेतो, नुसता आकडाच तर घेतो’ हा युक्तिवाद नेहमी होतो. मला तो मुळीच पटत नाही. एकच आकडा रोज त्याच वेळी, त्याच वाटेवर दिसत असेल, तर नाव कळायला कितीसा वेळ लागणार?

उपाय सरळ होता. स्कॅन करताना, म्हणजे राउटर शोधताना, खोटा, रँडम पत्ता वापरायचा. 2014 मध्ये आयओएस 8 ने तो आणला. पुढच्या वर्षी अँड्रॉइड 6 आणि विंडोज 10 मध्येही सोय आली. पत्त्याच्या पहिल्या बाइटमध्ये एक बिट असतो. तो 1 केला की ‘हा पत्ता कारखान्यातला नाही, इथेच ठरवलेला आहे’ असा अर्थ होतो. म्हणून अशा पत्त्याचा दुसरा हेक्स (सोळाच्या पायातला) अंक 2, 6, ए किंवा ई असतो. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये बघा, लगेच ओळखू येईल. हा बिट आणि मल्टिकास्टचा (एकदम अनेकांना पाठवण्याची खूण असलेला) बिट सोडला तर 46 बिट मोकळे राहतात. म्हणजे 70 लाख कोटींहून जास्त पत्ते.

इथवर ऐकून वाटेल, प्रश्न मिटला. नाही मिटला, आणि इथेच मला तुमचं नीट लक्ष हवंय.

प्रत्येक फ्रेमवर एकेकाने वाढत जाणारा अनुक्रमांक असतो. समजा, आपण हवेतल्या फ्रेम टिपतोय. एका पत्त्यावरून 2841, 2842, 2843 अशा अनुक्रमांकाच्या फ्रेम आल्या. मग तो पत्ता गायब झाला आणि भलत्याच पत्त्यावरून आलेली फ्रेम 2844 पासून सुरू झाली. दोन्ही एकाच फोनच्या आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. हा अनुक्रमांक 12 बिटांचा, 0 ते 4095. पत्ता बदलताना तो मोजणारा काउंटर बदलायचं राहून गेलं, की सगळी मेहनत पाण्यात.

फ्रेमच्या पोटातही बरंच असतं. कुठले वेग चालतात, कुठल्या सुविधा आहेत, कुठल्या क्रमाने लिहिल्यात. या सगळ्यातून त्या मॉडेलचा ठसा उमटतो. 2016 च्या एका संशोधनात तर याहून वाईट गोष्ट निघाली. काही यंत्रं प्रोबमध्ये डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडण्याच्या सोयीचा) एक ओळख-आकडा पाठवत होती आणि तो खऱ्या मॅक अ‍ॅड्रेसवरूनच बनवलेला होता. उलट दिशेने शोधत गेलं की खरा पत्ता हातात. पुढच्या वर्षी अमेरिकी नौदल अकादमीच्या संशोधकांनी दाखवलं की खरा पत्ता आधीच माहीत असेल, तर त्या पत्त्यावर आरटीएस (‘पाठवू का?’ असं विचारणारी) फ्रेम पाठवायची. फोनने खोटा पत्ता लावलेला असला तरी त्यातली चिप निमूटपणे उत्तर देते.

माझं म्हणणं इतकंच आहे: पत्ता, अनुक्रमांक आणि मजकूर ही तिन्ही एकदम बदलली पाहिजेत. एक जरी मागे राहिलं तरी ते बाकीच्या दोघांची चुगली करतं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात) स्कॅनसाठी पत्ता रँडम, अनुक्रमांक रँडम आणि मजकूर कमीत कमी असे तीन वेगवेगळे फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायच्या खुणा, आहेत, हे मला फार आवडतं. लिहिणाऱ्यांना दुखणं नेमकं कळलेलं आहे. पण वाय-फाय कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरने आणि कार्डातल्या फर्मवेअरने साथ दिली तरच ते कामाचे. कार्ड घेताना हे कोण तपासतं?

जोडणी झाल्यानंतरचा पत्ता हा वेगळा विषय. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून त्यासाठी नेटवर्कगणिक वेगळा पत्ता असतो, तो बंद करू नका.

आणि आपल्या हातातलं एक. राउटरचं नाव लपवून ठेवलं असेल तर ते उघडं करा. लपवलेलं नेटवर्क नुसतं ऐकून ओळखता येत नाही, म्हणून फोनला त्याचं नाव घेऊनच हाक मारावी लागते. तुम्ही राउटरपासून कोसभर दूर असलात तरी तो ते नाव पुकारत राहू शकतो. मग वर पत्ता कितीही रँडम असो, खाली तुमच्या घरच्या नेटवर्कचं नाव स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं असतं.