भरतीबरोबर लागणारे दार

[दृश्य : पावसाळ्यातील पहाट. मांडवीकाठचा बांध, बांधातली मानस, पलीकडे भातशेती.]

मांडवीला सुकती, म्हणजे ओहोटी, लागली आहे. बांधाच्या पोटात, चिऱ्याच्या दोन भिंतींमध्ये बसवलेले लाकडी दार आतल्या पाण्याच्या रेट्याने हळूहळू नदीकडे उघडते आहे आणि रात्रभर शेतात साचलेले पावसाचे पाणी त्यातून बाहेर पडते आहे. या दाराला मोटर नाही, आणि ते उघडायला आज पहाटे कोणी आलेलेही नाही. काही तासांनी भरती चढेल, नदीची पातळी शेतातल्या पाण्याहून वर जाईल आणि नदीच हे दार चौकटीवर दाबून लावून घेईल. गोव्यात या रचनेला मानस म्हणतात. तिच्या आधारावर जी शेती उभी आहे, ती खाजन शेती.

खाजनाची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. मांडवी आणि जुवारी या नद्यांत समुद्राची भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवते, त्यामुळे खारे पाणी रोखण्याचा प्रश्न किनाऱ्यावरच्या गावांपुरता कधीच नव्हता. चोडण, दिवाडीसारख्या बेटांवर तर चहूबाजूंनी बांध घालूनच शेत राखावे लागते. बांध मातीचा असतो आणि तो जपावा लागतो. पण बांधात दार नसेल तर पावसाचे पाणी आतच कोंडून भात कुजेल. म्हणून बांधाइतकेच दारही महत्त्वाचे ठरते. पाणी अडवणाऱ्या भिंतीत ठेवलेले हलते दार हा आपल्या विषयाचा गाभा आहे, आणि जगातली अजस्र पूररोधक दारे समजून घ्यायला मानशीसारखी दुसरी पाठशाळा नाही, असे आम्हाला वाटते.

आधी दाबाचा हिशेब मांडू. समजा, उधाणाच्या भरतीला दाराच्या उंबऱ्यापासून २ मीटर उंच पाणी बाहेर चढले आहे आणि आतली बाजू कोरडी आहे. अशा वेळी दाराच्या प्रत्येक मीटर रुंदीवर सुमारे २ टन भार येतो, आणि चांगले जाड लाकूड तो सहज पेलते. पाणी १० मीटर खोल असेल तर मात्र तेवढ्याच रुंदीवर सुमारे ५० टन येतात आणि २० मीटरला जवळजवळ २०० टन. खोली वाढली की तळाशी दाब वाढतो आणि दाब झेलणारा पृष्ठभागही वाढतो, म्हणून खोली दुप्पट झाली की भार चौपट होतो. लाकडी मानस नुसती मोठी करत नेऊन समुद्रमुखावर बसवता येत नाही, याचे कारण या चौपटीच्या गणितात आहे.

[दृश्य : पनामा कालव्याचे जलपाश, जहाज आत शिरताना.]

जलपाश म्हणजे जहाजाला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा, दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. कालव्यांच्या जलपाशांनी या भारावर एक सुंदर तोड काढली. दाराच्या दोन झडपा सरळ रेषेत न मिळवता उंच पाण्याच्या दिशेने टोक करून मिळवायच्या. मग पाणी जितके जोराने दाबील तितकी त्यांची सांधणी घट्ट बसते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या कालव्यांवर काम करणाऱ्या लिओनार्दो दा विंची याला या दाराचे श्रेय दिले जाते. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या पनामा कालव्याच्या मूळ जलपाशांची दारे याच जातीची आहेत. त्यांतली सर्वांत जड झडप ६०० टनांहून अधिक वजनाची आहे, पण ती जहाजाच्या सांगाड्यासारखी पोकळ असल्याने पाण्यात तिचे वजन बिजागरीवर फारसे येत नाही आणि ती हलवायला सुरुवातीला लहानशी मोटर पुरत असे. अर्थात जलपाशाच्या दाराला एक सवलत मिळते. भुयारी नळांतून पाणी सोडून दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत ते उघडायचेच नसते, त्यामुळे ते नेहमी स्थिर पाण्यात हलते. पूररोधक दाराच्या नशिबी ही सवलत नाही, कारण त्याला वादळात आणि वाहत्या पाण्यात लागावे लागते.

वादळातली भरती किती जीवघेणी ठरू शकते, हे युरोपने १९५३ मध्ये पाहिले. ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रातले वादळ उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन आले. नेदरलँड्समध्ये १,८३६ आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्या साडेचार दशकांत उभी राहिलेली दोन्ही देशांतली मोठी दारे त्या रात्रीची संतती आहेत.

लंडनमध्ये टेम्स नदीवर ५२० मीटर रुंदीचा अडसर १९८२ पासून काम करतो आहे. जहाजांना वाट हवी म्हणून वरून खाली येणारे दार तिथे चालणार नव्हते. चार्ल्स ड्रेपर या अभियंत्याला घरच्या गॅसच्या चुलीवरील तोटीवरून कल्पना सुचली असे सांगतात. त्याने रचलेले दार एरवी नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खोबणीत पालथे पडून असते आणि जहाजे त्याच्यावरून निघून जातात; गरज पडली की ते आपल्या आसाभोवती वळून उभे राहते. मुख्य चार दारांची रुंदी प्रत्येकी ६१ मीटर आहे.

गोव्यातल्या माणसाला ओळखीची वाटेल अशी गोष्ट या अडसराच्या वापरात आहे. तो केवळ समुद्राला थोपवण्यासाठी लावला जात नाही. वरून पावसाचा पूर येत असेल तेव्हा सुकतीनंतर लगेच दारे लावली जातात, भरती बाहेर राहते आणि पुराच्या पाण्याला उतरायला नदीपात्रात रिकामी जागा मिळते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात हा अडसर ५० वेळा लावावा लागला, त्यांपैकी ४१ वेळा नदीच्या पुरासाठी. जुलैच्या पावसात आपली मानस रोज नेमके हेच करते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी कसे तुंबते, हे पणजीच्या सखल भागांत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

[दृश्य : रॉटरडॅमजवळचा जलमार्ग, दोन्ही तीरांवर पांढरी प्रचंड दारे.]

नेदरलँड्समधल्या हुक व्हान होलांडजवळचा मास्लांट अडसर १९९७ मध्ये सुरू झाला. तिथला जलमार्ग ३६० मीटर रुंद आहे आणि रॉटरडॅम बंदराची जहाजे तिथून जातात, त्यामुळे मध्ये एकही खांब उभारणे शक्य नव्हते. म्हणून दोन तीरांवर दोन वक्र दारे ठेवली आहेत, प्रत्येक २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच, आणि ती एरवी कोरड्या गोदीत विसावलेली असतात. वक्राकाराला कारण आहे. पाण्याचा दाब पृष्ठभागाला नेहमी काटकोनात लागतो. दार वर्तुळाच्या कमानीसारखे असेल तर तो सगळा भार वर्तुळाच्या केंद्राकडे जातो, आणि बिजागरी त्या केंद्रातच ठेवली की पाणी दाराला वळवू शकत नाही, फक्त ढकलू शकते. पावसाळ्यात बातम्यांमध्ये दिसणारे कोयनेचे वक्र दरवाजे याच तत्त्वावर चालतात. (आमच्या साळावली धरणाच्या सांडव्याला दारच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.)

मास्लांटची बिजागरी मात्र साधी असून भागत नाही. दार गोदीतून तरंगत बाहेर येते, मग त्याच्या पोटात पाणी भरून ते तळावर बसवतात, म्हणजे ते आडवे वळते, खाली-वर होते आणि लाटांवर डुलतेही. इतक्या दिशांची मुभा देणारा सांधा म्हणून १० मीटर व्यासाचा आणि ६८० टन वजनाचा पोलादी गोळा बसवला आहे, आपल्या खांद्यातल्या सांध्यासारखा. दार लागलेले असताना ऱ्हाईनचे पाणी आत साचून बाहेरच्यापेक्षा वर चढले, तर पोटातले पाणी काढून दार थोडे तरंगू देतात आणि नदी खालून निघून जाते.

उंबऱ्याचेही असेच आहे. मानशीच्या उंबऱ्यावर एखादी काठी किंवा गाळाचा ढेप अडकला की दार पुरते लागत नाही आणि त्या फटीतून रात्रभर खारे पाणी शेतात शिरते. मास्लांटच्या उंबऱ्यावरही गाळ बसतोच. तिथे दार खाली उतरत असताना त्याच्या आणि तळाच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून पाणी इतक्या वेगाने धावते की ते स्वतःच गाळ झाडून नेते. वादळी हंगामाआधी दरवर्षी एकदा दार लावून पाहतात, कारण वर्षानुवर्षे न हललेल्या दारावर कोणी विश्वास ठेवू नये.

व्हेनिसने याच्या उलट वाट धरली. तिथली ७८ दारे समुद्रतळाशी पाण्याने भरून झोपलेली असतात. हवा भरली की ती वर येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये ती पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभी राहिली.

[दृश्य : पुन्हा खाजन. कापणी झालेली शेते, मानशीच्या तोंडाशी जाळे.]

आता दारामागचा वाद. नेदरलँड्सच्या ओस्टरस्केल्डे या खाडीचे मुख पक्क्या धरणाने कायमचे बंद करायचे ठरले होते. तिथल्या मच्छीमारांनी आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला, कारण भरती थांबली की कालवे (ऑयस्टर) आणि शिंपले संपणार होते. अखेर धरणाऐवजी ६२ पोलादी दारे बसवण्यात आली आणि १९८६ मध्ये हा अडसर सुरू झाला. ती दारे बहुतेक दिवस उघडीच असतात.

खाजनात हा वाद उलट्या बाजूने येतो. कापणीनंतर शेतात खारे पाणी घेतात, त्याबरोबर कोळंबी आणि मासळी येते, आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. जितके पाणी आत, तितकी मासळी जास्त. मग ज्याने बोली लावली त्याला दार अधिक वेळ उघडे हवे असते, आणि ज्याला जूनमध्ये भात पेरायचे आहे त्याला ते वेळेवर लावलेले हवे असते. मिठाने भिनलेली माती धुऊन काढायला पाऊस पुरा पडत नाही, अशा वर्षी हा तंटा गावात उघडपणे ऐकू येतो.

मास्लांटमध्ये हा निर्णय माणसावर सोडलेलाच नाही. रॉटरडॅमला पाणी ३ मीटरच्या वर जाईल असा अंदाज आला की संगणकच दार लावण्याची आज्ञा देतो. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते वादळामुळे लागले. खारे पाणी आत घेताना मानशीच्या फळ्या किती उचलायच्या, हे मात्र अजून तिची राखण करणारा माणूस पंचांग आणि पाणी बघून ठरवतो. अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, हे त्याला पाठ असते. आज अष्टमी आहे. पाणी फार चढणार नाही. त्याने दोन फळ्या काढून बांधावर ठेवल्या आहेत, जाळ्याची दोरी खुंटीला अडकवली आहे, आणि तो भरतीची वाट पाहत बसला आहे.