उशाशी बसण्याचं शिक्षण

[पहाट. जुवारीवर धुकं. टेकाडावरची इमारत हळूहळू दिसू लागते.]

सासष्टीतलं राशोल. जुनं नाव रायतूर. खाली जुवारीचं पात्र आणि टेकाडावर ही सेमिनरी. १६०६ साली जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्रींनी तिचा पाया घातला, १६१० साली ती उभी राहिली. सासष्टीची देवळं १५६७ साली पाडली गेली, तेही याच परिसरातलं. त्याचा उल्लेख टाळून राशोलबद्दल बोलणं आम्हाला बरं वाटलं नाही. ही इमारत मात्र पुढे गोव्याच्या पाद्रींची शाळा झाली, आणि आजही आहे.

[लांब कॉरिडॉर. घंटा. भिंतीवरची जुनी चित्रं.]

इथला दिवस घंटेवर चालतो. प्रार्थना, न्याहारी, तास, जेवण, पुन्हा तास. कॅथलिक पाद्री व्हायचं तर आधी तत्त्वज्ञान, मग काही काळ प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि त्यानंतर साधारण चार वर्षं ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी. बायबल, हिब्रू-ग्रीकची ओळख, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, चर्चचा कायदा, उपासनाविधी. पुण्याच्या ज्ञानदीपसारख्या संस्थेत पुढच्या पदव्याही घेता येतात. प्रॉटेस्टंट पंथांची वाट वेगळी आहे. त्यांची बी.डी. ही पदवी बरेचदा सेरामपूरच्या परंपरेतली असते, १८१८ साली विल्यम केरी आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या कॉलेजची.

आमची फिल्म या शिक्षणाच्या एका टोकाबद्दल, चॅप्लिन घडवण्याबद्दल आहे.

[एका वाड्यावरची छोटी कपेल. दारात मेणबत्ती.]

आपल्याकडे वाड्यावाड्यावर असतं ते छोटं प्रार्थनाघर म्हणजे कपेल. 'चॅप्लिन' हा शब्द तिच्याच घरातला. जुनी माणसं पोर्तुगीज वळणाने 'कापेलांव' म्हणतात. त्याच्याही मागे लॅटिन 'कापेल्ला' आहे, म्हणजे छोटा झगा. संत मार्टिन हा चौथ्या शतकातला रोमन सैनिक. कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला, अशी कथा. तो झगा जपून ठेवला ती जागा कपेल, आणि तो सांभाळणारा चॅप्लिन.

गावचा पाद्री चर्चमध्ये असतो, माणसं त्याच्याकडे येतात. चॅप्लिनचं उलटं. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे तो जातो. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या १९८३ च्या संहितेत चॅप्लिनला काही खास अधिकार दिले आहेत, आणि तिथे तीन जागा एका ओळीत येतात: रुग्णालय, तुरुंग आणि समुद्रप्रवास. गोव्याच्या माणसाला ती ओळ वाचताना बांबोळीचं इस्पितळ, कोलवाळचा तुरुंग आणि मुरगाव बंदर दिसतं. ज्या घरातला एकजण बोटीवर आहे, त्या घराला तर समजावून सांगायलाच नको.

[ग्रंथालय. जुन्या पुस्तकांची पानं उलटणारा हात.]

इथे थोडं मागे जायला हवं. सासष्टीत काम करणारे एक जेझुइट पाद्री होते थॉमस स्टीफन्स. जन्म इंग्लंडमधला. १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली इथेच वारले. परत गेले नाहीत. त्यांनी इथल्या लोकांची भाषा शिकून घेतली. नुसती बोलण्यापुरती नव्हे, दहा हजारांहून अधिक ओव्या रचण्याइतकी. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलच्या छापखान्यात छापलं गेलं. भाषा मराठी, अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्यांनी लिहिलेलं कोंकणीचं व्याकरणही त्यांच्यामागे १६४० साली राशोललाच छापून निघालं. पहिल्या छापाचं पुराण आज कुठे शिल्लक नाही, म्हणून ते पडद्यावर दाखवता येत नाही. पण एवढं खरं, की या परिसरात चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने आधी शब्द गोळा केले आणि मग तो बोलायला लागला.

हे सांगितलं, कारण आता जो वर्ग दिसणार आहे त्यात हेच चाललंय.

[साधी खोली. गोल मांडलेल्या सहा खुर्च्या. पंखा.]

हा क्लिनिकल पास्टरल एज्युकेशनचा, म्हणजे रुग्णांना भेटून त्यांच्यापाशी बसायला शिकण्याचा वर्ग. सगळे 'सीपीई' म्हणतात. सहाजण आहेत, त्यातल्या दोन सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी. याची सुरुवात अमेरिकेत झाली. अँटन बॉइसन हे धर्मोपदेशक १९२० साली स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. बरे झाल्यावर तशाच एका रुग्णालयात ते चॅप्लिन झाले, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ईशज्ञानाच्या चार विद्यार्थ्यांना वॉर्डात आणलं. पुस्तकं वाचता तशी ही माणसं वाचा, असं त्यांचं सांगणं. आज तिकडे व्यावसायिक चॅप्लिन म्हणून मान्यता हवी असेल तर ईशज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीबरोबर सीपीईची चार युनिटं लागतात, प्रत्येक किमान ४०० तासांचं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हे शिक्षण मिळतं.

[जवळून: वहीचं पान. निळी शाई. ओळींना आकडे.]

या कागदाला व्हर्बेटिम म्हणतात. रुग्णाला भेटून आलं की आठवेल तसं, शब्दाला शब्द लिहून काढायचं. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये किती वेळ कोणी बोललं नाही. नाव-गाव लिहायचं नाही. शेजारी तिसरा रकाना असतो: तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं?

हे पान सावंतवाडीकडच्या एका विद्यार्थ्याचं. भेट एका आजोबांची. सिंधुदुर्गातून गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, उपचाराला येणारी माणसं पुष्कळ, त्यांतलेच एक. चौथी ओळ आजोबांची, ती वाचा.

'घराकडे गाय व्याक इली हा, आणि मी हय पडान रवलंय.'

पाचवी ओळ विद्यार्थ्याची.

'देव सगळा बरा करतलो, आजोबानू.'

सहावी ओळ फक्त 'होय.' त्यानंतर आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं, असं कंसात लिहिलंय.

सुपरवायझरने त्याला ते दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "ते काय सांगत होते?" विद्यार्थी म्हणाला, "काळजी." "कसली?" तो गप्प. शेजारच्या सिस्टरनी हळूच सांगितलं, "गायीची." या खोलीत कुणी रागावत नाही. पण त्या गप्प राहण्यातून सुटकाही नाही. चार वर्षं बायबल शिकलेला, सगळ्या परीक्षा पास झालेला हा मुलगा, आणि त्याला एक वाक्य ऐकू आलं नाही. ऐकणं स्वभावातच असावं लागतं असं आपण सहज बोलून जातो. या खोलीत दोन दिवस बसल्यावर आम्हाला ते पटेनासं झालं. सुतार जसा रंधा धरायला शिकतो, तसं हे शिकवता येतं आणि शिकता येतं.

आणखी एक गोष्ट इथे घोकून घेतात. आत जाण्याआधी विचारायचं: बसू का? खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून नकाराचा हक्क त्याला आधी द्यायचा. रुग्ण हिंदू असेल, मुसलमान असेल, कुठलाच धर्म न मानणारा असेल, त्याच्या श्रद्धेला हात लावायचा नाही. प्रार्थना त्याने मागितली तरच. कॅथलिक रुग्णाने मागितलं तर पाद्री कपाळाला आणि हातांना तेल लावतो. बाकीच्यांसाठी खुर्ची पुढे ओढून बसणं, एवढंच.

[मुरगाव. धक्क्याला लागलेलं जहाज. नंतर कोलवाळच्या तुरुंगाची बाहेरची भिंत.]

बंदरावर आणि तुरुंगातही हेच काम. तिथे शिकलेल्या माणसांची गरज आहे, आणि ती फक्त पाद्रींवर सोडता येणार नाही. सिस्टर हव्यात, प्रापंचिक हवेत, मराठी बोलणारे हवेत.

[पुन्हा वही. नवं पान.]

आठवडाभरानंतरचा कागद. तोच वॉर्ड, तीच खाट. पहिल्या ओळीत 'बसू का' आहे. तिसऱ्या ओळीत विद्यार्थी विचारतो,

'आजोबानू, गाय व्याली?'

खाली दीड पान एकट्या आजोबांचं बोलणं आहे. पाडी झाली. शेजारचा दूध काढतो, पण गाय त्याला नीट उभी राहू देत नाही. कुठली वैरण ठेवली आहे, कुठली संपली. दीड पानानंतर, कोणी न विचारता, ते ऑपरेशनबद्दल बोलायला लागतात.

[बांबोळी. वॉर्डाचं दार. विद्यार्थी चपला नीट लावून ठेवतो.]

आत कॅमेऱ्याला परवानगी नाही. आम्ही बाहेर थांबलो.

[दार लोटलं जातं. फक्त आतला आवाज.]