वंशावळीतल्या गावांना नकाशावर बसवताना

नमस्कार मंडळी. मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक. तर आपण कॉम्प्युटरवर वंशावळ भरतो, नावं भरतो, जन्म-लग्न-मृत्यूच्या तारखा भरतो, आणि ठिकाणाच्या रकान्यात नुसतं गावाचं नाव टाकून पुढं जातो. त्याच खिडकीत अक्षांश आणि रेखांश असे दोन रकाने असतात, ते बहुतेकांच्या फाईलमध्ये रिकामे असतात. आज त्या दोन रकान्यांवरच बोलायचंय, कारण मराठवाड्यातल्या माणसाला त्यांची गरज फार आहे असं माझं ठाम मत आहे.

उदगीर घ्या. १९३० साली उदगीरला जन्मलेला माणूस म्हणजे हैदराबाद संस्थान, बीदर जिल्हा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जिल्हा मात्र बीदरच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके इकडं मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मग १९८२ ला उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि आता उस्मानाबादचंही धाराशिव झालंय. एवढ्या काळात तो माणूस आपल्या वाड्यातून कुठंही गेला नाही! आता त्याच्या तीन नातवांनी तीन फाईली केल्या तर एक लिहितो उदगीर, बीदर, दुसरा लिहितो उदगीर, उस्मानाबाद, तिसरा लिहितो उदगीर, लातूर, आणि सॉफ्टवेअरला ही तीन वेगळी ठिकाणं वाटतात. खरं तर तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण उत्तर अक्षांश १८.३९ आणि पूर्व रेखांश ७७.११ हा बिंदू तिघांचा एकच. म्हणून म्हणतो, नाव काळाप्रमाणं लिहा, पण बिंदू द्या.

असंच परभणीतून १९९९ ला हिंगोली निघालं, औरंगाबादमधून १९८१ ला जालना निघालं. अंबाजोगाईच्या लोकांना जुन्या कागदांवर मोमिनाबाद दिसतं. आणि उलटंही झालंय, १९५६ लाच देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल सर्कल, आणि मुधोळ तालुक्यातलं मुधोळ, भैंसा, कुबीर हे सगळं नांदेड जिल्ह्यातून आंध्रात गेलं, आज ते तेलंगणात आहे. देगलूरकडच्या किती घरांची सोयरीक त्या बाजूला आहे ते तुम्हाला माहितीय. आजीचं गाव आज तेलंगणात म्हणून ती तेलंगणात जन्मली असं लिहिणं चूकच की.

ग्रॅम्प्स नावाचं फुकटचं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, मी उदाहरणं त्यातलीच देतो कारण ठिकाणाचं काम त्यात नीट होतं. त्यात प्रत्येक ठिकाण कशाच्या आत आहे ते सांगता येतं, गाव तालुक्यात, तालुका जिल्ह्यात, जिल्हा राज्यात, आणि या प्रत्येक जोडणीला तारीख लावता येते. म्हणजे उदगीर एकदाच तयार करायचं, आणि सांगायचं की १९५६ पर्यंत बीदरमध्ये, तिथून १९८२ पर्यंत उस्मानाबादमध्ये, पुढं लातूरमध्ये. दुसरी नावंही तारखेसकट देता येतात. आणि अक्षांश-रेखांश त्या एका ठिकाणाला एकदाच. मग भूगोलाचं पान उघडलं की ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर माणसाच्या सगळ्या घटना दिसतात, जन्म कुठं, लग्न कुठं, नोकरी कुठं.

एक अडचण आहे. तुम्ही फाईल दुसऱ्याला देता तेव्हा ती बहुतेक वेळा जेडकॉम नावाच्या फॉरमॅटमध्ये देता, बहुतेक सगळी सॉफ्टवेअरं तो वाचतात. त्याच्या ५.५.१ आवृत्तीत, जी अजून सगळीकडं चालते, ठिकाण म्हणजे फक्त स्वल्पविरामांनी जोडलेली एक ओळ. तुम्ही मेहनतीनं लावलेल्या त्या जिल्ह्यांच्या तारखा तिथं बसत नाहीत, गळून जातात. पण अक्षांश आणि रेखांशाला त्याच आवृत्तीत जागा आहे, ते पलीकडं पोचतात. म्हणजे बाकी सगळं सांडलं तरी बिंदू टिकतो, आणि बिंदू असला की समोरचा माणूस बाकीचं परत जुळवू शकतो.

आता आकडे लिहायचे कसे. दोन पद्धती असतात, एक अंश-मिनिट-सेकंदाची आणि एक दशांशाची. गडबड होते ती इथं. जुन्या गॅझेटियरमध्ये १९ अंश ३० मिनिटं असं दिलेलं असतं आणि लोक सरळ १९.३० टाकतात. अहो, अंशात साठ मिनिटं असतात, १९ अंश ३० मिनिटं म्हणजे १९.५०. हा फरक केवढा? अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर, म्हणजे गाव २२ किलोमीटर सरकलं, तालुका बदलला! दुसरी गडबड म्हणजे उलटापालट. अक्षांश आधी, रेखांश नंतर. आपल्याकडं सोपी खूण आहे, मराठवाड्याचा अक्षांश १७ ते २१ च्या आत आणि रेखांश ७४ ते ७९ च्या आत, तर लहान आकडा आधी, मोठा नंतर. लातूरचे आकडे उलटे टाकून बघा, बिंदू नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्ड बेटांजवळच्या थंडगार समुद्रात जातो. आणि माहीत नाही म्हणून दोन्हीकडं शून्य टाकू नका, शून्य-शून्य हा खराखुरा बिंदू आहे, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. माहीत नसेल तर रकाना रिकामाच बरा. आकडे इंग्रजी अंकांत टाका, फाईल कुठंही नेली तरी अडत नाही.

आकडे मिळवायचे कुठून, तर मोबाईलवर गुगल मॅप्समध्ये जागेवर बोट दाबून धरलं की पिन पडते आणि वरच्या चौकटीत किंवा खालच्या माहितीत आकडे येतात, ते कॉपी करायचे. ग्रॅम्प्सच्या नव्या आवृत्त्यांत दोन्ही आकडे एकदम पेस्ट करायला जागा आहे. कॉम्प्युटरवर बरेच जण वरच्या ॲड्रेस बारमधून ॲट-च्या चिन्हापुढचे आकडे उचलतात, ते करू नका, ते तुमच्या स्क्रीनच्या मध्याचे असतात, नकाशा जरा सरकवला की बदलतात.

दशांशाचे किती आकडे ठेवायचे हा प्रश्न नेहमी येतो. दोन आकडे म्हणजे साधारण एक किलोमीटरचा नेमकेपणा, तीन म्हणजे शंभरेक मीटर, चार म्हणजे दहा-अकरा मीटर, पाच म्हणजे एक मीटर. मोबाईलचं जीपीएसच मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटर इकडं-तिकडं असतं. मग गावासाठी सहा-सात आकडे ठेवून काय साधणार? गावाला तीन पुरे, घराला, विहिरीला, समाधीला चार-पाच. तुमच्या आकड्याइतकीच तुमची खात्री दिसली पाहिजे, "आजोबा तिकडं कुठंतरी शेतात राहायचे" एवढीच माहिती असताना मीटरचा आकडा लिहिला तर पुढची पिढी तिथं जाऊन बांध उकरत बसेल.

आणि गावाचा बिंदू म्हणजे नक्की कशाचा? नकाशावर गावाचं नाव जिथं छापलंय ती जागा कधीकधी पार शिवारात असते. मी सांगेन, पांढरीवरचा, म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेचा, बिंदू घ्या. मारुतीचं देऊळ, वेस, गढी, बारव, यातलं जे जुनं आहे ते धरा आणि टीपेत लिहा की बिंदू मारुतीच्या पाराचा आहे, अमुक साली मोबाईलवरून घेतला. ही टीप नसेल तर आकड्याला अर्थ कमी. ज्याचा जन्म शेतातल्या वस्तीवर झाला त्याला गावात आणून ठेवू नका, ग्रॅम्प्समध्ये ठिकाणाचा प्रकार वस्ती किंवा शेत असा वेगळा देता येतो, ती वस्ती गावाच्या आत टाकायची. तांड्यांचं तर मुद्दाम सांगतो. तांडा कागदोपत्री शेजारच्या गावाच्या नावावर असतो, आणि वंशावळीत तांड्याचं नावच येत नाही. माणूस तांड्यावर जन्मला, तर बिंदू तांड्याचा द्या.

आता मी बिंदू बदलत नाही बदलत नाही म्हणतोय, पण आपल्याकडं गावंच हलली आहेत, आणि इथं सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथल्या कोणाला सांगायची गरज नाही. भूकंपानंतर किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या कितीतरी गावांचं पुनर्वसन नव्या जागेवर झालं, नाव तेच, जागा वेगळी. आज तुम्ही नकाशात गावाचं नाव शोधून पिन टाकलीत तर ती नव्या गावावर पडणार. पण त्या पहाटे जे गेले ते जुन्या गावात गेले. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीला नव्या कॉलनीचा बिंदू लावणं मला तरी सहन होत नाही. म्हणून दोन ठिकाणं करा, जुनं गाव आणि नवं गाव, दोघांना आपापले आकडे, आणि टीपेत एकमेकांचा उल्लेख. त्या पहाटेपर्यंतच्या सगळ्या घटना जुन्याला जोडा. घर कुठं होतं हे अजूनही दाखवू शकणारी माणसं आहेत, त्यांना सोबत घेऊन जा, ते थांबतील तिथं मोबाईलवर पिन टाका आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं तिथंच लिहून घ्या, पण त्यांची इच्छा असेल तरच, काहींना तिथं जायला नको वाटतं.

जायकवाडीचं वेगळंय. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ ला झाली, १९७६ ला उद्घाटन झालं, आणि गोदावरीच्या दोन्ही काठांची गावं नाथसागरात गेली. तिथं पिन पाण्यावर पडणार, पडू द्या! ती चूक नाही. नकाशाचं पान उघडल्यावर पणजोबाचं घर पाण्यात दिसलं तर पोरं विचारतील, आणि विचारावंच. पण तो बिंदू शोधायचा कसा? एक म्हणजे गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं मागं सरकवून बघता येतात, दुष्काळाच्या वर्षीचं चित्र निघालं तर पाणी आटलेलं असतं. दुसरं म्हणजे १९५० च्या दशकातले अमेरिकन सैन्याच्या नकाशाखात्याचे भारताचे नकाशे, अडीच लाखाला एक या प्रमाणाचे, टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं नेटवर फुकट ठेवलेत. ते धरणाच्या आधीचे आहेत. त्या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर, म्हणून तिथून घेतलेल्या बिंदूला दोन आकडे, फार तर तीन, आणि टीपेत नकाशाचं नाव. जुनी खूण आणि आजचा नकाशा जुळवताना नदीचं वळण बघू नका, ते बुडालंय, काठावरचं टेकाड किंवा न बुडालेलं शेजारचं गाव धरा.

जमिनीच्या कागदांचंही बघा. हल्ली जातीच्या दाखल्यांसाठी घरोघरी वंशावळ काढली गेलीय, लोकांकडं १९५० च्या दशकातलं खासरा पत्रक आहे, उर्दूतले, मोडीतले कागद आहेत. त्यात सर्व्हे नंबर असतो, आज सातबाऱ्यावर गट नंबर असतो, दोन्हींचा मेळ तलाठ्याकडच्या जुळणीवरून घ्या आणि मग शेताचा बिंदू काढा. कागद दाखल्यापुरता वापरून परत पेटीत ठेवू नका, स्कॅन करून त्या शेताच्या नोंदीलाच जोडून टाका.

इथं एक भैया विचारतायत की हे सगळं नेटवर टाकलं तर चालेल का. हयात माणसांच्या घराचा, शेतातल्या एकट्या घराचा बिंदू नेटवर टाकू नका. फाईल बाहेर देताना हयात माणसं वगळायची सोय असते ती वापरा, आणि द्यायचंच असेल तर आकडा दोन दशांशांवर आणा, गाव कळेल, दार कळणार नाही.

आता त्या ताईंचा प्रश्न, आणि तो फार मोलाचा आहे. त्या म्हणतात, आमच्या वंशावळीत बायकांची नावंच धड नाहीत, बिंदू कशाचा टाकायचा? ताई, दाखल्याची वंशावळ बापाकडून मुलाकडं जाते, तिथं आजी-पणजी येतच नाहीत. पण ठिकाणांचं काम सुरू केलं की प्रत्येक लग्नाला एक माहेर लागतं, आणि ते विचारायला लागलं की नाव निघतं, भाऊ निघतात, कोणाच्या जत्रेला जायच्या ते निघतं. सगळी माहेरं नकाशावर टाका, मग सोयरीक कुठल्या पट्ट्यात होत होती ते डोळ्याला दिसतं, नदीच्या अलीकडं का पलीकडं, कुठल्या बाजाराच्या भोवती.

त्यांच्या पणजीचं माहेर नुसतं पिंपळगाव एवढंच माहितीय. मराठवाड्यात पिंपळगावं ढीगभर, खुर्द वेगळं, बुद्रुक वेगळं. तर असं करा, घरातल्या बाकीच्या माहेरांच्या पट्ट्यात जेवढी पिंपळगावं पडतात त्यांची यादी करा, मग म्हाताऱ्या माणसांना गाव कुठलं असं विचारू नका, त्यांना विचारा की माहेराहून बैलगाडी यायला किती वेळ लागायचा, मधे नदी लागायची का, माहेरी न्यायला मूळ म्हणून कोण यायचं, त्या गावाचा बाजार कुठल्या वारी आणि कुठं. यादीतली दोन-तीनच उरतील. पणजीच्या माहेरचं आडनाव माहीत असेल तर त्या दोन-तीन गावांत जाऊन तेवढं एक विचारा. तोवर ठिकाणाचं नाव पिंपळगाव एवढंच ठेवा, अक्षांश-रेखांश रिकामे ठेवा, आणि टीपेत उरलेल्या गावांची नावं आणि कोणी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.