सवय शरीराला झालेली नाही, गाठ बदललीय

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न कितीतरी जणांनी विचारलाय: "बाबांना फुफ्फुसाच्या कॅन्सरवर टार्गेटेड गोळी चालू होती. वर्षभर छान होते, आता स्कॅनमध्ये गाठ वाढलीय. शरीराला गोळीची सवय झाली का?"

नाही. शरीराला सवय होत नाही. या एका शब्दापायी घरचे म्हणतात, "थोडे दिवस गोळी बंद ठेवून बघू." कृपा करून मनाने गोळी बंद करू नका.

मुळातलं पटकन सांगते. ईजीएफआर हे प्रथिन म्हणजे पेशीच्या वाढीचा स्विच. म्युटेशनमुळे, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे, तो चालूच राहतो, जेफिटिनिबसारखी गोळी त्याच्या खाचेत बसून तो बंद करते.

पण गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बहुतेक मरतात, वेगळा बदल असलेल्या थोड्या तगतात आणि पुढे त्यांचीच पैदास होते. यवतमाळच्या एका दादांनी कमेंटमध्ये अगदी नेमकं लिहिलंय: बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी परत आली, तेव्हा कपाशीला सवय झाली होती का? बदलली ती अळी!

गाठीतला असा एक बदल २००५ साली सापडला: टी७९०एम. ईजीएफआर प्रथिनाच्या साखळीत ७९०व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन येतं, खाच बदलते आणि गोळी नीट बसत नाही. जेफिटिनिब किंवा तशाच एर्लोटिनिब या गोळीनंतर साधारण निम्म्या रुग्णांत हेच सापडतं. त्यावर ऑसिमर्टिनिब हे औषध आलं, अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. ते ७९७व्या जागच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला घट्ट चिकटतं. काही रुग्णांत तिथेही सिस्टीनऐवजी सेरीन येतं आणि पकड सुटते. कुणाच्या गाठीत मेट नावाच्या जनुकाच्या प्रती वाढून पेशी दुसऱ्याच वाटेने वाढते. कधी तर गाठ स्मॉल सेल नावाच्या वेगळ्याच प्रकारचा कॅन्सर होऊन बसते, मग उपचारच वेगळे.

मी लॅबमध्ये होते तेव्हा एक मुलगा वडिलांच्या बायोप्सीचा, म्हणजे गाठीतून काढलेल्या तुकड्याचा, दोन वर्षांपूर्वीचा ब्लॉक घेऊन आला होता. मेणात बसवलेला, नखाएवढा तुकडा, रुमालात गुंडाळलेला. "मॅडम, यावरच टेस्ट करा ना, बाबांना परत सुई नको." त्याची कळकळ समजत होती. पण त्या मेणात गोळी सुरू होण्याआधीची गाठ होती. आज वाढतेय ती त्यात नव्हतीच.

म्हणून डॉक्टर पुन्हा बायोप्सी सांगतात. त्यांना विचारा, आधी रक्तातून लिक्विड बायोप्सी होईल का. त्यात काही सापडलं नाही, तर "बदल नाही" असं समजू नका. गाठीचा डीएनए रक्तात कमी उतरला असेल, तरीही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. शिवाय स्मॉल सेल झालाय का, हे मायक्रोस्कोपखाली तुकडा बघूनच कळतं. तेव्हा मात्र सुई लागते.