पिक्चर कसा होता, हे नागपुरातून सांगायचं तर

नमस्कार मंडळी. आज परीक्षणाबद्दल बोलायचंय. शब्द जरा जड वाटतो, पण काम आपण सगळेच करतो, पिक्चर सुटला की पार्किंगमधून गाडी काढता काढता विचारतो, कसा वाटला बे, सिरियल संपली की शेजारच्या काकूंशी तिच्यावर अर्धा तास बोलतो, पोट्ट्याच्या हातातलं कॉमिक घेऊन दोन पानं चाळतो अन् ठरवून टाकतो की हे चांगलं का फालतू. आता हेच बोलणं फोनवर टाइप होते अन् ओळखीच्या नसलेल्या लोकांपर्यंत पोचते, आणि ते वाचून कोणीतरी तिकीट काढते किंवा काढत नाही. चौघांचं घर मल्टिप्लेक्सला नेणं काही स्वस्त नाही हो, महिन्याचा हिशोब करून जाणारी माणसं आहेत. त्यांना आपण काय सांगतो? 'एक नंबर', 'टाइमपास', 'पैसे पाण्यात', नाहीतर साडेतीन स्टार. साडेतीन कशाचे, अर्धा कुठे कापला, काहीच कळत नाही.

मला एवढंच म्हणायचंय की परीक्षण लिहिताना जागा दाखवा, म्हणजे कोणता सीन, कोणतं पान, कोणतं चित्र, ते बोट ठेवून सांगा. आणि दुसरं, आपण नागपुरात बसून हे बघितलं ते लपवू नका. मुंबई-पुण्याच्या परीक्षणासारखं दिसावं म्हणून आपली पोरं आपले कान-डोळे बाजूला ठेवून लिहितात, याचं मला खरंच वाईट वाटते, कारण जे आपल्यालाच ऐकू येणार होतं ते मग कोणीच लिहीत नाही.

'झुंड' घ्या. नागराज मंजुळेंचा, 4 मार्च 2022 ला लागला होता. आपल्या हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, त्या कामावर बेतलेला, अमिताभ बच्चन त्यात विजय बोराडे झालेत. बऱ्याच ठिकाणी त्याच्याबद्दल एकच तक्रार वाचायला मिळाली, पिक्चर लांबला. जवळजवळ तीन तासांचा आहे, खरं आहे. पण नेमका कुठे लांबला ते बघा ना. झोपडपट्टीची टीम अन् कॉलेजची टीम यांची मॅच पहिल्या भागातच होऊन जाते, आणि खेळाचा पिक्चर म्हणून आलेल्या माणसाला वाटते की आता याच्याहून मोठी मॅच शेवटी येईल. ती येत नाही. त्याच्या जागी येतात कागदपत्रं. रिंकू राजगुरूची मोनिका बापासोबत आपली ओळख सिद्ध करणारा कागद शोधत फिरते, कारण परदेशात खेळायला जायचं तर पासपोर्ट पाहिजे, अन् पोटासाठी भटकणाऱ्या माणसाकडे पुरावा कुठून येणार. मग विमानतळ. अंकुश नावाचं पोट्टं सिक्युरिटीच्या मशीनमधून जायचा प्रयत्न करते, खिशात सवयीने बाळगलेलं कटर आहे, आणि तेवढ्या एका सीनमध्ये डायरेक्टरने जीव खालीवर केलाय. माझ्या मते तीच फायनल मॅच आहे. तुम्हाला पटलं नाही तर नका मानू, पण मग 'लांबला' म्हणताना या दोन जागांचं काय करायचं ते सांगा, त्या काढल्या तर पिक्चरमध्ये उरते काय?

आता यात नागपूर कुठे आलं म्हणाल, तर भाषेत आलं. त्या पोरांची हिंदी आपली हिंदी आहे, मधूनच मराठीवर घसरणारी, हेल काढून बोललेली, आणि अंकुशचं काम करणारा अंकुश गेडाम, त्याच्यासोबतची कितीतरी पोरं, ही इथलीच. एरवी हिंदी-मराठी पडद्यावर आपल्याकडची बोली कोणाच्या तोंडी येते ते आठवून बघा बाप्पा, बहुतेक वेळा हसवायला आणलेल्या माणसाच्या. इथे ती रडणाऱ्या, चिडलेल्या, स्वप्न बघणाऱ्या पोराच्या तोंडी आहे. दिल्लीच्या परीक्षकाला ती नुसती 'रांगडी भाषा' वाटून जाईल, गड्डीगोदामच्या माणसाला त्यात कोण कोणाला मान देऊन राहिला अन् कोण दम देऊन राहिला ते लगेच समजते. हे लिहायला पाहिजे होतं आपण, भरभरून. आणि आपल्या गावचा आहे म्हणून डोक्यावर घ्यायचं असंही नाही, बोराडे सर पहिल्या सीनपासून शेवटपर्यंत तसेच चांगले राहतात, त्यांचं कुठे काही चुकत नाही, आतून हलत नाहीत, ही मला त्या पिक्चरची कमजोर बाजू वाटते, आणि तेही लिहायचं.

पुस्तकावरून पिक्चर निघाला की परीक्षणात एक वाक्य ठरलेलं असते, 'पुस्तकाची मजा नाही'. ते वाक्य मला नको वाटते, कारण त्याने दोन्हीबद्दल काही कळत नाही. 'जंगल बुक'चंच बघा, ते तर आपल्या दाराशी आहे, जबलपूर रोडने निघालं की पेंच अन् पुढे सिवनी, किपलिंगने 1894 च्या त्या पुस्तकात सिवनीच्या टेकड्या अन् वैनगंगा नाव घेऊन लिहिल्यात. त्या पुस्तकातला 'का' नावाचा अजगर मोगलीचा दोस्त आहे, माकडांनी पळवून नेलेल्या मोगलीला सोडवायला बाळू अन् बघीरासोबत तो जातो. डिस्नेच्या 1967 च्या कार्टून पिक्चरमध्ये तोच अजगर पोराला गिळायला टपलेला आहे, अन् गाणारा नाचणारा किंग लुई नावाचा ओरांगउटान आलाय जो पुस्तकात कुठेच नाही, आणि ओरांगउटान आपल्या देशातल्या जंगलात नसतोच. 2016 च्या पिक्चरवाल्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी लुईला लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला राक्षसी वानर केला, आणि तो सगळा पिक्चर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, मोगलीचं काम करणारं एक पोरगं खरं अन् बाकी जवळपास सगळं जंगल कॉम्प्युटरचं, असा बनवला. तर परीक्षण म्हणजे हे विचारणं, अजगराला व्हिलन केल्याने गोष्टीला काय मिळालं आणि काय गेलं? माझं मत, 1967 वाल्यात भीती अन् गंमत छान जमली, पण पुस्तकात अन् त्याच्या 1895 च्या दुसऱ्या भागात जंगलाचा जो कायदा आहे, कोणी कधी शिकार करावी, पाण्यावर सगळ्यांनी कसं यावं, तो पातळ झाला. आणि पेंचला जाऊन आलेल्या माणसाने तर पडद्यावरचं जंगल अन् आपलं सागाचं, उन्हाळ्यात पानं गाळून उघडं पडणारं जंगल यातला फरक लिहावाच, इथला माणूस नाही लिहिणार तर कोण लिहील.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी जे 'जंगल बुक' लागायचं ते जपानी कार्टून होतं, हिंदीत आणताना त्याचं टायटल गाणं गुलजारांनी लिहिलं, विशाल भारद्वाजांनी चाल दिली अन् शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. म्हणजे जंगल आपलं, लिहिणारा इंग्रज, चित्रं जपानी अन् आवाज मुरूडच्या माणसाचा. आवाजावरही परीक्षण लिहिता येते, हे यासाठी सांगितलं.

कॉमिक्सकडे येऊ. इथे तर फारच हलक्याने घेतात, 'लहान मुलांचं आहे' म्हटलं की संपलं. घरात जुन्या पेटीत इंद्रजाल कॉमिक्स असतील, टाइम्सवाल्यांनी 1964 मध्ये सुरू केलेली, 1990 ला बंद पडली, मराठीतही निघायची, त्यातला वेताळ म्हणजे अमेरिकेच्या ली फॉकचा 1936 मधला फँटम, जंगलात राहणारा मुखवटेवाला गोरा हिरो. तो मुळात पेपरात रोज येणाऱ्या पट्टीसाठी काढलेला, म्हणजे तीन-चार चौकटींत थोडी गोष्ट सांगायची अन् उद्यासाठी काहीतरी अडकवून ठेवायचं. त्याच चौकटी जेव्हा पुस्तकाच्या पानावर बसवल्या तेव्हा काटछाट झाली, चित्रांच्या कडा गेल्या. वेताळाच्या देशाचं नावही आपल्याकडे बदलून डेंकाली केलं होतं. आता हे माहीत असलं की वाचताना नजर बदलते, दर थोड्या वेळाने गोष्ट झटका का देते ते समजते. कॉमिकचं परीक्षण करताना गोष्टीआधी चित्र बघा. डोळा एका चौकटीतून दुसरीत सरळ जातो का अडखळतो, बोलण्याचे फुगे चित्रावर चढलेत का, मारामारीत कोण कुठे उभा आहे ते समजते का, अक्षर वाचता येते का. आणि वेताळाच्या त्या जंगलात तिथल्या माणसांना पूजा करण्यापलीकडे काय काम दिलंय, गोऱ्या माणसाच्या सिंहासनाभोवती ती का उभी आहेत, हेही विचारा, आवडीचं असलं तरी विचारा.

सिरियलबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या एपिसोडवर परीक्षण लिहू नका. रोजची सिरियल आधी पूर्ण लिहिलेली नसते, दर आठवड्याला रेटिंग येते अन् त्याप्रमाणे गोष्ट वळवतात, एखादं पात्र अचानक गावाला जाते, दुसऱ्याला नवी बहीण निघते. दोन-तीन महिने बघा, मग लिहा की सुरुवातीला जी बाई नोकरी करत होती ती आता किती एपिसोड ऑफिसात दिसलीच नाही. हे पकडणारा एक जरी माणूस असला ना, तर लिहिणाऱ्यांनाही समजते की कोणीतरी नीट बघून राहिलं.

शेवट सांगायचा का नाही, हेही लोक विचारतात. नवीन पिक्चर असेल तर नका सांगू, रहस्यकथेचा तर कधीच नाही, पण जुन्या कामाबद्दल बोलताना शेवट झाकून ठेवला तर बोलणंच अर्धं राहते, म्हणून आधी एका वाक्यात सूचना द्या अन् मोकळं बोला.

एक गोष्ट मात्र मनापासून मागायची आहे. दहा वर्षांच्या पोरासाठी मराठीत काय घेऊ, असं सीताबर्डीवरच्या पुस्तकाच्या दुकानात आई-बाप विचारतात अन् मग जे समोर ठेवलेलं असते तेच घेऊन जातात, कारण मुलांच्या मराठी पुस्तकांवर कोणी लिहीतच नाही. ज्यांच्या घरी वाचणारं पोर आहे त्यांनी लिहा. पोराला शेजारी बसवून विचारा, कुठे हसला, कुठली पानं उलटून पुढे गेला, कुठला शब्द अडला, चित्र बघून काही काढावंसं वाटलं का. त्याने सांगितलं तसंच उतरवा, मोठ्या माणसाची भाषा त्याच्या तोंडी घालू नका. खाली पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं अन् चित्रं काढणाऱ्याचं नाव, पानं, किंमत अन् पोराचं वय टाका. चित्रकाराचं नाव विसरू नका, ते नेहमी राहून जाते.