तिकीट, तिकीट!

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईच्या बसमध्ये पूर्वी कंडक्टर दिसायच्या आधी ऐकू यायचा. तिकीट पंच करायच्या चिमट्याची टिकटिक, चामडी पिशवीतल्या चिल्लरीचा खुळखुळाट आणि "पुढे सरका, पुढे सरका" हा गजर. १९४०च्या दशकात बेस्टच्या बसवर असाच एक सडपातळ, मिश्कील डोळ्यांचा कंडक्टर होता. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. नाव ओळखीचं वाटत नाही ना? जॉनी वॉकर म्हटलं की मात्र तुमच्या चेहऱ्यावर हसू येईल.

बद्रुद्दीन मूळचा इंदूरचा. वडील गिरणीत कामाला. गिरणी बंद पडली आणि ते मोठं कुटुंब पोटापाण्यासाठी मुंबईत आलं. शाळा सहावीलाच सुटली. पोरानं मग मिळेल ते विकलं; भाजी विकली, फळं विकली, बर्फाची कांडीसुद्धा विकली. डोक्यात मात्र सिनेमा. नूर मोहम्मद चार्ली हा त्या काळचा विनोदी नट त्याचा आवडता, आणि त्याच्या करामती हा घरी करून बघायचा.

कंडक्टरची नोकरी लागली. पगार बेताचा, पण रोज नवे प्रेक्षक, तेही हातात तिकीट घेऊन बसलेले! बद्रुद्दीन थांब्यांची नावं मजेशीर आवाजात पुकारायचा, नकला करायचा, लोकांना हसवायचा. मनात एकच आशा, की या गर्दीत कधीतरी एखादा सिनेमावाला असेल आणि त्याची नजर आपल्यावर पडेल. सुटीच्या वेळात तो स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणूनही उभा राहायचा.

आणि नजर पडली ती अभिनेते बलराज साहनींची. कोणी म्हणतं बसमध्ये पडली, कोणी म्हणतं शूटिंगच्या सेटवर. मला स्वतःला बसवाली गोष्ट आवडते, पण आवडली म्हणून ती खरी ठरत नाही. एवढं खरं, की साहनी तेव्हा 'बाझी' लिहीत होते आणि गुरुदत्त हा तरुण पहिल्यांदाच दिग्दर्शन करणार होता. साहनींनी या पोराला युक्ती सांगितली: दारू प्यायल्याचं सोंग घे आणि थेट ऑफिसात घूस.

आता डोळ्यांसमोर आणा. काम चाललेलं ऑफिस, आणि दारातून एक झिंगलेला इसम झोकांड्या खात आत येतो. याच्याशी लाडीगोडी, त्याच्याशी हुज्जत. माणसं आधी हसतात, मग वैतागतात. त्याला बाहेर काढायची वेळ येते, आणि तेवढ्यात हा ताठ उभा राहून अदबीनं सलाम ठोकतो! दारूचा थेंबही पोटात नाही. गुरुदत्तनं तिथल्या तिथे त्याला काम दिलं. 'बाझी' १९५१ साली आला. भूमिका छोटी, पण गुरुदत्तच्या पुढच्या चित्रपटांत हा चेहरा पुन्हा पुन्हा दिसत राहिला.

नवं नावही गुरुदत्तनंच दिलं, व्हिस्कीच्या बाटलीवरचं. गंमत अशी, की बद्रुद्दीन आयुष्यभर सांगत राहिला, मी दारूला कधी शिवलो नाही. मग तो दारुडा इतका हुबेहूब कसा वठला? माझा आपला एक तर्क आहे. नवखा नट झिंगल्याचं दाखवायला धडपडतो. खरा प्यायलेला माणूस उलट, आपण शुद्धीवर आहोत हे दाखवायला धडपडतो. पाऊल जपून टाकतो, शब्द तोलून बोलतो आणि तिथेच फसतो. जॉनी वॉकरचं काम बघताना मला ही धडपड दिसते. रात्रीच्या शेवटच्या बसमध्ये खिशातली चिल्लर अतिगंभीर चेहऱ्यानं मोजणारे किती गृहस्थ कंडक्टरला भेटत असतील, विचार करा!

नशीब उघडलं हे खरंच. पण साहनी भेटले नसते तरी हा गडी दुसऱ्या दिवशी बसमध्ये तोच खेळ पुन्हा करणार होता, याबद्दल मला शंका नाही.

आता त्याच्यावर चित्रित झालेलं १९५७च्या 'प्यासा'मधलं गाणं ऐकू या, 'सर जो तेरा चकराये'. आवाज मोहम्मद रफींचा, संगीत सचिन देव बर्मन यांचं. पडद्यावर हा तेलमालीशवाला गिऱ्हाइकांना हाका मारतोय. ती हाक नीट ऐका, आणि तिच्यात "तिकीट, तिकीट" ऐकू येतं का, ते तुम्हीच ठरवा.