ती बाई जिवंत होती

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, जिथं कुठं रेडिओ लावून बसला असाल तिथं चहा झाला नसेल तर कप हातात घेऊनच ऐका. आज बोलायचंय मालिकेबद्दल. रात्री आई नि आज्जी मिळून बघतात ती सोडा. दार लोटून, कानात इअरफोन घालून आपली दहावीची, पीयूसीची म्हणजे अकरावी-बारावीची पोरं मोबाइलवर बघतात, तिच्याबद्दल. शाळकरी मुलांच्या मनाच्या दुखण्यावरची मालिका.

अशी मालिका आई बघते, मुलगी बघते, शाळेतले सर बघतात, आणि तिघं तीन वेगळ्या गोष्टी बघून उठतात. स्टुअर्ट हॉल या अभ्यासकानं 1973 साली हे मांडून ठेवलंय. बनवणारा त्यात एक अर्थ भरतो. बघणारा तो तसाच घेतो, नाहीतर थोडा घेऊन थोडा आपला घालतो, नाहीतर साफ उलटा काढतो. एवढं ध्यानात ठेवा, कारण आता सांगतोय ती हकीकत सगळी यावरच उभी आहे.

31 मार्च 2017 ला नेटफ्लिक्सवर ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही अमेरिकन मालिका आली. तेराचे तेरा भाग एकाच दिवशी. हॅना नावाची शाळकरी मुलगी आत्महत्या करते आणि मागं 7 कॅसेट ठेवून जाते. त्यांच्या तेरा बाजू भरलेल्या, तेरा कारणं. ज्यांनी ज्यांनी दुखावलं त्यांनी त्या एकामागून एक ऐकायच्या. शेवटच्या भागात तिचा मृत्यू सविस्तर दाखवला होता, जवळजवळ तीन मिनिटं.

असं दाखवू नका, असं मनाचे डॉक्टर सांगत होते. मग दाखवलं का? मालिकेच्या लेखकांपैकी एक, निक शेफ, यानं त्याच वर्षी ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाकडे लेख लिहून उत्तर दिलं. तो स्वतः व्यसनातून गेलेला माणूस. एकदा तोही अगदी त्या टोकाला पोचला होता. आणि त्या घटकेला त्याला आठवली एक बाई. उपचारांच्या काळात भेटलेली. तिनं स्वतः जीव द्यायचा प्रयत्न केला होता, आणि त्यात काय काय भोगलं, शांतपणानं जाणं वगैरे कसं काहीच नसतं, ते तिनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं. ते आठवलं आणि निक थांबला. वाचला. म्हणून त्याचं म्हणणं, खरं दाखवा, भयानक असेल तर भयानक दाखवा, म्हणजे बघणारं पोर मागं फिरेल.

श्रोतेहो, या माणसाच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. जिवावरचा अनुभव होता त्याचा. पण जरा थांबून बघा, त्याला वाचवलं कशानं? तो म्हणतो, भयानकपणानं. मला वाटतं, ती सांगणारी बाई जिवंत होती, त्यानं. पुन्हा सांगतो, ती बाई जिवंत होती. त्या रात्रीतून बाहेर पडून, उपचार घेत, ती आपल्या तोंडानं बोलत होती. त्या बोलण्यात भय होतंच, पण त्याच्या पोटात ‘मी आहे बघ अजून’ हेही होतं.

पडद्यावर आलं ते नुसतं भय. ती बाई काही आली नाही. हॅना मरते, आणि मेल्यावर तिचा आवाज तेरा भाग सगळ्यांना ऐकावा लागतो. जिवंतपणी कुणी ऐकलं नाही, मेल्यावर सगळे ऐकतात. शेवटी ती शाळेतल्या समुपदेशकाकडे जाते, तर तिथंही हाताला काही लागत नाही. आता हॉलचं म्हणणं आठवा. मजेत असलेलं पोर हे बघून म्हणतं, ‘आपण कुणाला चिडवायला नको.’ आतून खचलेलं पोर तेच बघून म्हणतं, ‘मोठ्यांना सांगून उपयोग नाही. गेल्यावरच कळेल यांना.’ मालिका तीच, तेच तेरा भाग.

पुढं काय झालं तेही सांगतो. मालिका आल्यानंतरच्या 19 दिवसांत अमेरिकेत आत्महत्येविषयीचे गूगलवरचे शोध नेहमीच्या अंदाजापेक्षा सुमारे 19 टक्के वाढले. त्यात मदतीच्या फोन नंबरांचे शोध होते, आणि नको त्या गोष्टींचेही. त्या एप्रिलमध्ये 10 ते 17 वर्षांच्या मुलांच्या आत्महत्यांचा दर वाढल्याचं 2019 च्या एका अभ्यासानं म्हटलं. तेच आकडे पुन्हा तपासून दुसऱ्यांनी त्यावर आक्षेपही घेतला. तो वाद बाजूला ठेवू. जुलै 2019 मध्ये नेटफ्लिक्सनं हॅनाच्या मृत्यूचा तो प्रसंग कापून टाकला. दोन वर्षांहून जास्त लागली त्याला.

उलट बाजूलाही नाव आहे बरं का. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या 1791 च्या संगीतिकेत पापागेनो नावाचा पक्षी पकडणारा आहे. प्रेम हरवलं म्हणून तो जीव द्यायला निघतो. तीन मुलं येऊन म्हणतात, अरे, तुझ्याजवळ घंटा आहेत, त्या वाजव की. वाजवतो आणि राहतो. अशा वेळेतून बाहेर पडलेल्या माणसाची गोष्ट ऐकून ऐकणारा सावरतो, त्याला अभ्यासक ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. हे नाव 2010 मधलं, व्हिएन्नाच्या संशोधकांनी दिलेलं. निकला वाचवणारी ती बाई म्हणजे त्याचा पापागेनोच.

आता आपल्या घरात काय करायचं? पहिली गोष्ट, मधेच मोबाइल हिसकू नका. ‘काय बघालास हे, झोप की आता’ म्हणून बंद करायला लावणं सोपं असतं. पण याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वावर 18 ते 29 वयाच्या प्रेक्षकांचा अभ्यास झाला, त्यात अर्ध्यात सोडणाऱ्यांत आत्महत्येचा धोका जास्त दिसला. पूर्ण बघणाऱ्यांची दुसऱ्याला मदत करायची तयारी जास्त दिसली. अर्ध्यात सोडलं की अंधार तेवढा मनात राहतो. म्हणून शेजारी बसा, इअरफोन काढायला लावा, दोन भागांच्या वर एका दिवशी बघू नका, आणि रात्री झोपायच्या तोंडावर तर नकोच. पोर स्वतःच ‘बघवत नाही’ म्हणालं तर थांबा, पण काय बघवलं नाही ते त्याच दिवशी विचारा.

विचारायचं कसं? ‘यातून काय शिकलास’ हे नको, ती परीक्षा झाली. ‘त्या मुलीनं कुणाला सांगायला हवं होतं? तू असतास तर कुणाला सांगितलं असतंस?’ असं विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. ती शांतता आपण बोलून भरून टाकतो, आणि तिथंच चुकतं.

बोलताना शब्द घरचे वापरा. पडद्यावर ‘डिप्रेशन’ ऐकलेलं पोर घरी म्हणतं ‘कसंतरी होतंय’, ‘कशात जीव लागत नाही’. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसी सायन्सला इंग्रजीत पडलेली आपली कितीतरी पोरं पहिले सहा महिने वर्गात मुकी होतात. त्यांना मनातलं सांगायलाही शब्द सापडत नाहीत. आणि निकालानंतर चौकाचौकात टक्केवारीचे फोटोफलक लावायचे थांबवा, हे मी या विषयात बसो न बसो, सांगणारच. ज्याचा फोटो नाही तोही त्याच चौकातून सायकलवरून जातो.

शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या 6 शाळांत 2,342 विद्यार्थ्यांवर हे तपासून 2005 मध्ये प्रसिद्ध झालंय. पुन्हा सांगतो, विचारल्यानं विचार भरत नाही.

उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, देवाची शपथ घालू नका, त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं, शेतावरची कीटकनाशकं कुलपात घाला, किल्ली आपल्याजवळ ठेवा. मग टेलिमानस या मनाच्या दुखण्यासाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा, 14416. ऑक्टोबर 2022 पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, दिवसरात्र, फुकट. फोन लागला की भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे. जवळ बेळगावचं जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला मनोरुग्णांसाठी डिमहान्स आहे. कागद-पेन घेतलंय ना? एक, चार, चार, एक, सहा. फोन तुम्हीच लावा, पहिलं वाक्य तुम्ही बोला, मग पोराच्या हातात द्या, आणि त्याचं बोलणं होईतो तिथंच बसून राहा.